पेढीसाठी लॅपटॉप : बिझनेस वर्गाचा घ्यावा की घरगुती भारी?

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात लाल बांधणीच्या खातेवह्या कपाटात गेल्या, संगणक आला, टॅली आली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि मुनीमजींच्या पुढ्यातील बुटक्या मेजावर आता लॅपटॉप बसला आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकाचे शिक्षण मात्र कोणत्याच माध्यमात झाले नाही. जे काही शिकलो ते नुकसान सोसून शिकलो. म्हणूनच आज हा विषय घेत आहोत.

पेढीवर येणारे तरुण व्यापारी आम्हाला वारंवार विचारतात, "चाचा, लाख-सव्वा लाखाचा लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार दोन दाखवतो. एक पातळ, चकचकीत, डोळ्यांत भरणारा. दुसरा काळा, जाडसर, साधा. भाव जवळजवळ सारखाच. कोणता घ्यावा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते लॅपटॉपपेक्षा आपल्या धंद्यावर जास्त अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात हा विषय मुळापासून समजून घेऊ.

दोन जाती ओळखाव्या

लॅपटॉप बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी दोन वेगळे माल काढतात. पहिले गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, कारखाने, सरकारी कचेऱ्या. हे लोक एकदम शेकड्याने यंत्रे घेतात, तीन-चार वर्षे वापरतात, आणि यंत्र बंद पडले तर त्यांचा माणूस रिकामा बसतो. म्हणून त्यांना दिसण्यापेक्षा टिकणे आणि लवकर दुरुस्त होणे महत्त्वाचे वाटते. यांच्यासाठी जो माल निघतो तो बिझनेस वर्गाचा. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पैशाने दुकानातून एक नग घेणारा माणूस. त्याला पडदा, आवाज, वजन, रंग हे सारे हवे असते. त्याच्यासाठी निघालेला वरच्या दर्जाचा माल म्हणजे प्रीमियम घरगुती लॅपटॉप.

नावांवरून ओळख अशी. लेनोवोचा थिंकपॅड बिझनेस वर्गाचा. योगा आणि आयडियापॅड घरगुती. थिंकपॅड हा मूळचा आयबीएमचा, १९९२ साली निघालेला. २००५ मध्ये आयबीएमचा हा धंदा लेनोवोने घेतला. एचपीमध्ये एलिटबुक आणि प्रोबुक बिझनेसचे. स्पेक्टर, एन्व्ही, पॅव्हिलियन घरगुती, ज्यांच्या जागी २०२४ पासून ओम्नीबुक हे नाव येऊ लागले. एसुसमध्ये एक्स्पर्टबुक बिझनेसचा, झेनबुक आणि व्हिवोबुक घरगुती. डेलमध्ये वर्षानुवर्षे लॅटिट्यूड बिझनेसचा आणि एक्सपीएस हा घरगुती भारी अशी सोपी विभागणी होती. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ही नावे बदलून डेल प्रो, डेल प्रीमियम अशी नवी नावे आणली, आणि जानेवारी २०२६ मध्ये एक्सपीएस हे नाव पुन्हा आणले. तेव्हा नावावर फार विसंबू नये. ॲपल अशी विभागणी करीतच नाही. त्याचे मॅकबुक दोन्ही गिऱ्हाइकांना एकच.

येथे एक सावधगिरी. बिझनेस वर्गातही हलका आणि भारी माल असतो. थिंकपॅडमध्ये ई मालिका स्वस्तातली, टी मालिका मधली-वरची, एक्स मालिका पातळ आणि महाग. केवळ नाव थिंकपॅड आहे म्हणून टी मालिकेचे गुण ई मालिकेत शोधू नयेत. आपण जसे 'कॅम्ब्रिक' एवढे ऐकून भाव ठरवीत नाही, सुताचा काउंट, रीड-पीक आणि पन्ना विचारतो, तसे येथेही पूर्ण मॉडेल क्रमांक विचारावा.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

पुढे जाण्यापूर्वी आमचा अनुभव सांगतो. २०२२ मध्ये आम्ही मुलाच्या आग्रहाने एक प्रीमियम घरगुती लॅपटॉप घेतला. कोणत्या कंपनीचा ते महत्त्वाचे नाही. पडदा असा की कापडाचा फोटो लावला तर धागा मोजावा. येणारा-जाणारा विचारी, "कितीला पडला?" आम्हीही खूश.

२०२३ च्या पावसाळ्यात, महिन्याच्या ८ तारखेला, तो सुरूच होईना. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. सर्व्हिस सेंटर आमच्या गावात नव्हते. मोठ्या शहरात नेऊन दिला; त्यांनी मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, मेमरी बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे पूर्ण बोर्डच बदलावा लागेल, असे उत्तर मिळाले. लॅपटॉप परत मिळायला २३ दिवस लागले.

आता व्यापाऱ्याला ८ तारीख म्हणजे काय ते कळेल. आमची उलाढाल ५ कोटींच्या आतली. तरी ग्राहकांच्या सोयीसाठी आम्ही दरमहा विवरण भरतो. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११. त्या तारखेपर्यंत आपण भरले तरच आपले बिल १४ तारखेला ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते, आणि तरच त्याला त्या महिन्यात कराचे क्रेडिट मिळते.

आम्ही म्हटले, डिस्क तर शाबूत आहे, ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडू. जोडली. पडद्यावर ४८ आकडी चावी मागितली गेली. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची चावी त्या खात्यात जमा होते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. ते खाते खरेदीच्या दिवशी मुलाने आपल्या कॉलेजच्या काळातील ईमेलवर उघडले होते. त्या ईमेलला जोडलेला मोबाईल क्रमांक केव्हाच बंद झाला होता. आणि पेनड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप पाच आठवड्यांपूर्वीचा!

मग काय, शेजारच्या पेढीवरून एक जुना संगणक मागून आणला, चलनांच्या आणि बिलांच्या कार्बन प्रती काढल्या, आणि मुनीमजी व आम्ही रात्र-रात्र बसून महिन्याभराची नोंद पुन्हा केली. विवरण भरले १९ तारखेला. उशिराचे शुल्क दिवसाला ५० रुपये, म्हणजे ८ दिवसांचे ४०० रुपये. ते कोणी मनावर घेत नाही. परंतु दोन मोठ्या ग्राहकांनी सरळ सांगितले, "चाचा, तुमचे बिल आमच्या टू-बी मध्ये दिसत नाही. पेमेंट पुढच्या महिन्यात." त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. इकडे सुताच्या व्यापाऱ्याचा वायदा आलेला, आणि ज्यांच्या मागांवर आमचा माल विणला जातो त्यांची आठवड्याची मजुरी तर थांबविता येत नाही. त्या महिन्यात आम्ही घरातून पैसे आणून मजुरी चुकती केली. लॅपटॉपची खरी किंमत आम्हाला त्या आठवड्यात कळली.

या प्रसंगात दोष कोणाचा, याचा आम्ही नंतर शांतपणे हिशेब केला. बॅकअप न घेणे आणि चावी जपून न ठेवणे हा दोष सर्वस्वी आमचा. बिझनेस लॅपटॉप असता तरी त्याने यातून वाचविले नसते. परंतु २३ दिवस थांबणे हा मात्र निवडीचा दोष होता. पुढचे मुद्दे त्यातूनच निघाले आहेत.

वॉरंटी आणि दुरुस्ती

बिझनेस लॅपटॉपचा सर्वात मोठा गुण त्याच्या आत नसून त्याच्या कागदात असतो. या वर्गाला तीन वर्षांची वॉरंटी सहज मिळते, पुष्कळ मॉडेलांना ती पाच वर्षांपर्यंत वाढविता येते, आणि ती ऑन-साइट असू शकते. म्हणजे फोनवर तपासणी झाली की इंजिनिअर आपल्या पेढीवर येतो. घरगुती लॅपटॉपला बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते. अर्थात काही भारी घरगुती मॉडेलांनाही जादा पैसे भरून ऑन-साइट सेवा घेता येते, आणि उलट काही स्वस्त बिझनेस मॉडेले एका वर्षाच्या वॉरंटीवर विकली जातात. म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता नगाचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती, कोणती, केव्हापासून हे पाहून घ्यावे.

तसेच 'दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी' हे शब्द मोठ्या शहरासाठी लिहिलेले असतात. आपल्या पिन कोडवर किती दिवस लागतात ते खरेदीपूर्वीच विचारावे. त्या प्रसंगानंतर आम्ही तीन वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीचा आणि अपघाती नुकसानीच्या संरक्षणाचा बिझनेस लॅपटॉप घेतला. मागच्या वर्षी त्याच्यावर चहा सांडला. इंजिनिअर दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशी आला. पण गादीवर बसून अर्ध्या तासात कळफलक बदलून गेला. डिस्क आणि हिशेब पेढीबाहेर गेलेच नाहीत.

दुरुस्तीची दुसरी बाजू म्हणजे रचना. बिझनेस लॅपटॉप उघडण्यासाठी बनविलेला असतो. त्याचे दुरुस्ती-पुस्तक कंपनी स्वतःच प्रसिद्ध करते, त्यामुळे गावातला चांगला कारागीरही ते वाचून काम करू शकतो. २०२४ च्या थिंकपॅड टी-१४ च्या पाचव्या पिढीला दुरुस्तीसुलभतेबद्दल आयफिक्सिट या संस्थेने १० पैकी ९ गुण दिले होते. पुष्कळ बिझनेस मॉडेलांत मेमरी खाचेत बसविलेली असते, हवी तेव्हा वाढविता येते. पातळ प्रीमियम लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच डाखलेली असते. पण हा नियम नव्हे. थिंकपॅड एक्स-१ कार्बन हा बिझनेसचा असूनही त्याची मेमरी डाखलेलीच. जेथे मेमरी वाढविता येत नाही तेथे पहिल्या दिवशीच निदान १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा ज्यांनी ८ जीबीवर भागविले होते त्यांना ही बचत महागात पडली.

मजबुती : जाहिरात आणि वस्तुस्थिती

जाहिरातीत 'मिल-एसटीडी-८१०एच' असे शब्द असतात. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचण्यांचे प्रमाण आहे. याचा अर्थ अमेरिकेच्या लष्कराने तो लॅपटॉप तपासला असा नाही. त्यात अनेक चाचण्या आहेत. त्यांतील कोणत्या घ्यावयाच्या हे कंपनी ठरविते. झेनबुक, व्हिवोबुक अशा घरगुती मॉडेलांवरही हे शब्द आढळतात. म्हणून केवळ या शब्दांवर भाव देऊ नये. त्यापेक्षा बिजागरी हाताने उघडून पाहावी, झाकणाचा कोपरा हलका दाबून पाहावा, कळफलकावर पाणी सांडले तर किती सोसतो हे माहितीपत्रकात वाचावे.

आपल्या यंत्रमागाच्या गावांना आणखी एक त्रास आहे, जो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. तो म्हणजे हवेत उडणारी रुई. मागाच्या शेडजवळ पेढी असेल तर वर्षभरात पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसतो, यंत्र तापते, मंद होते आणि शेवटी बोर्ड जातो. आमच्या पहिल्या लॅपटॉपच्या बोर्डालाही हेच भोवले असावे, असा आमचा कयास आहे. बिझनेस लॅपटॉपचे खालचे झाकण बहुधा साध्या स्क्रूंनी उघडते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी साफ करणे सोपे. मॅकबुक एअरला पंखाच नसतो, म्हणजे रुईची भीती नाही. परंतु त्याची दुसरी अडचण पुढे सांगू.

जोडण्या आणि कळफलक

पेढीच्या लॅपटॉपला काय काय जोडावे लागते? डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, बॅकअपचा पेनड्राइव्ह, आणि दोन यंत्रांवर टॅली चालत असेल तर नेटवर्कची केबल. यातील बहुतेकांना जुने चौकोनी यूएसबी तोंड लागते. बिझनेस लॅपटॉपमध्ये ते बहुधा असते, नेटवर्कचे तोंडही पुष्कळ मॉडेलांत असते. पातळ प्रीमियम लॅपटॉपमध्ये नुसती टाइप-सी तोंडे असतात. २०२२ च्या एक्सपीएस-१३ मध्ये अशी दोनच तोंडे होती, हेडफोनचेही तोंड नव्हते. वेगळा जोड घेऊन काम चालते, हे खरे. पण विवरणाच्या दिवशी तो जोड नेमका घरी राहिलेला असतो!

टॅलीत दिवसभर आकडे भरणाऱ्याला उजवीकडचा अंकांचा कळफलक लागतो. चौदा इंची यंत्रात तो कोणत्याच वर्गात सहसा नसतो. मोठ्या बिझनेस यंत्रांत बऱ्याचदा असतो, मोठ्या प्रीमियम यंत्रांत बऱ्याचदा नसतो. नसेल तर वेगळा अंक-कळफलक स्वस्तात मिळतो, तो घ्यावा. मुनीमजींचा हात ज्यावर चालतो तेच यंत्र चांगले. खरेदीला जाताना त्यांनाच बरोबर न्यावे, असे आमचे मत आहे.

पडदा : येथे प्रीमियमची बाजू

आतापर्यंत बिझनेस लॅपटॉपची तरफदारी झाली. आता दुसऱ्या बाजूचे जे देणे आहे ते चुकते करू. पडदा, आवाज, कॅमेरा, वजन यांत त्याच भावाचा प्रीमियम लॅपटॉप बहुधा सरस असतो. बिझनेस मॉडेलांच्या खालच्या प्रकारांत अजूनही फिकट पडदे येतात. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असेल तर तो पडदा रंगांच्या कामाचा नाही असे समजावे. रंगांसाठी '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिलेले पाहावे. तेजासाठी निदान ३०० निट असावे. बिझनेस मॉडेलांतही वरचा पडदा निवडता येतो, थोडे जादा द्यावे लागतात.

प्रिंटेड माल, ड्रेस मटेरियल, साड्या यांचा धंदा असेल, व्हॉट्सॲपवर डिझाइन येत-जात असतील, ग्राहकाला पडद्यावर कॅटलॉग दाखवावा लागत असेल, तर चांगला पडदा ही चैन नसून गरज होय. आमचा नवा बिझनेस लॅपटॉप पाहून भाचा म्हणाला होता, "मामू, हा तर मुनीमजींचा डबा वाटतो!" आणि त्यावर प्रिंटचे नमुने उघडल्यावर आम्हालाही ते पटले.

परंतु येथेही एक इशारा. पडदा कितीही भारी असो, शेड पडद्यावर पास करू नये. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कापड पडलेला प्रकाश परतविते. दोहोंचा रंग एक होणार कसा? शिवाय दोन कापडे ट्यूबलाइटखाली सारखी दिसतात आणि उन्हात वेगळी, हे आपण रोज पाहतो. म्हणूनच प्रोसेसवाले लाइट बॉक्समध्ये ठरलेल्या प्रकाशाखाली तुकडा पाहतात. आम्ही एकदा घाईत फोटोवरून शेडला होकार दिला होता आणि तागे आल्यावर तोंड पाहत बसलो. तेव्हापासून नियम केला : डिझाइन पडद्यावर, शेड तुकड्यावर.

आजकाल प्रीमियम लॅपटॉपला ओएलईडी पडदा असतो. रंग अप्रतिम. पण दिवसभर टॅलीचे एकच चित्र स्थिर ठेवले तर वर्षांनी त्याचा डाग पडद्यावर उमटू शकतो. आणि बऱ्याच प्रीमियम पडद्यांना चकाकी असते. दुकानातील दिवे त्यात आरशासारखे दिसतात. बिझनेस पडदा बहुधा मंद पृष्ठाचा, दिवसभर आकडे पाहणाऱ्या डोळ्यांना सोयीचा.

सॉफ्टवेअर आधी, यंत्र नंतर

यंत्र निवडण्यापूर्वी आपल्याला कोणती सॉफ्टवेअरे चालवावयाची आहेत त्यांची यादी करावी. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. मॅकबुकवर ती सरळ चालत नाही, क्लाउडसारखा वळसा घ्यावा लागतो. तेव्हा पेढीच्या मुख्य हिशेबासाठी मॅकबुक कितीही सुबक असले तरी आम्ही ते सुचविणार नाही.

स्नॅपड्रॅगन चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉपही बाजारात आहेत. त्यांची बॅटरी फार टिकते. परंतु जुन्या प्रिंटरचे किंवा डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर त्या चिपसाठी बनलेले नसतील तर ते चालणार नाहीत. दुकानात आपला टोकन नेऊन प्रत्यक्ष लावून पाहावा. पेढीसाठी इंटेल किंवा एएमडीची मधली चिप पुरते. टॅली आणि जीएसटीचे संकेतस्थळ यांना घोड्याची ताकद लागत नाही.

बिझनेस लॅपटॉपबरोबर बहुधा विंडोजची प्रो आवृत्ती येते, घरगुतीबरोबर होम. प्रो आवृत्तीत डिस्कच्या कुलपावर आपला पूर्ण ताबा राहतो. परंतु प्रो असो वा होम, ती ४८ आकडी चावी कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. मात्र शेकडो यंत्रे दुरून सांभाळण्याच्या ज्या सोयी मोठ्या कंपन्यांसाठी असतात, उदाहरणार्थ इंटेल व्हीप्रो, त्यांचे पैसे छोट्या पेढीने मोजू नयेत.

हिशेब मांडून पाहू

आता आकडे मांडू. हे आकडे रीत समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण आपल्या बाजारभावाने भरावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित करदात्याने पेढीच्या नावाने, आपला जीएसटी क्रमांक घालून बिल घेतले तर धंद्यासाठीच्या खरेदीवर त्याचे क्रेडिट मिळते. म्हणजे १,१८,००० रुपयांचा लॅपटॉप त्याला १,००,००० ला पडतो. कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला क्रेडिट नाही. त्याला पूर्ण १,१८,००० च पडतो. आणि क्रेडिट घेतले तर त्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही.

समजा, प्रीमियम लॅपटॉप कर वगळून १,००,००० ला घेतला, ४ वर्षे वापरला आणि २०,००० ला विकला. निव्वळ खर्च ८०,०००, म्हणजे वर्षाला २०,०००. समजा, बिझनेस लॅपटॉप तीन वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीसह १,१०,००० ला घेतला, मध्ये ८,००० ची नवी बॅटरी टाकली, ६ वर्षे वापरला आणि १०,००० ला विकला. निव्वळ खर्च १,०८,०००, म्हणजे वर्षाला १८,०००. फरक वर्षाला २,००० रुपयांचा. हा काही मोठा फरक नव्हे, आणि प्रीमियम नीट सांभाळून पाच वर्षे चालविला तर तो उरतही नाही.

मग खरा फरक कोठे? तो यंत्र बंद राहिलेल्या दिवसांत. आपल्या वहीत एक ओळ लिहावी : लॅपटॉप महिन्याच्या ८ तारखेला बंद पडला तर माझे किती पेमेंट अडकेल? ज्याचे उत्तर 'काहीच नाही' असेल त्याने खुशाल आवडीचा लॅपटॉप घ्यावा. ज्याचे उत्तर लाखांत येत असेल त्याने वॉरंटीला यंत्राइतकेच महत्त्व द्यावे.

आयकरात संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो. १,००,००० वर पहिल्या वर्षी ४०,०००, दुसऱ्या वर्षी २४,०००, तिसऱ्या वर्षी १४,४००. परंतु त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २०,०००. तेव्हा खरेदी ऑक्टोबरवर ढकलण्यापूर्वी आपल्या सीएशी बोलावे.

जुना बिझनेस लॅपटॉप

ज्यांची ऐपत लाखाची नाही त्यांनी नाउमेद होऊ नये. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली बिझनेस यंत्रे काढून टाकतात. ती साफ होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत बऱ्याच कमी भावात येतात. त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या हलक्या घरगुती लॅपटॉपपेक्षा असे जुने चांगले यंत्र पुष्कळदा जास्त टिकते. मात्र चार गोष्टी तपासाव्या. एक, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून यंत्र विंडोज ११ च्या पात्रतेचे हवे, साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे. दोन, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा दूरचे कुलूप नसावे. दुकानातच डिस्क पुसून विंडोज नव्याने घालून पाहावे. तीन, बॅटरी किती झिजली आहे याचा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो, तो पाहावा. चार, पक्के बिल आणि त्यावर अनुक्रमांक. बिलाशिवायचा माल कितीही स्वस्त असो, घेऊ नये. तो कोणाच्या घरातून आला हे आपल्याला ठाऊक नसते.

कोणी काय घ्यावे?

ज्या पेढीचा हिशेब, बिले, विवरणे एकाच यंत्रावर चालतात, गावात सर्व्हिस सेंटर नाही आणि यंत्र तीन-चार माणसांच्या हाताखालून जाते, तिने बिझनेस लॅपटॉप घ्यावा. ज्याचे काम डिझाइन, कॅटलॉग, फोटो यांचे आहे, यंत्र एकाच्याच हातात राहते, सर्व्हिस सेंटर जवळ आहे आणि हिशेब वेगळ्या संगणकावर आहे, त्याने प्रीमियम घ्यावा. वॉरंटी मात्र तीन वर्षांपर्यंत वाढवून. आणि ज्याला दोन्ही कामे आहेत त्याने एक महाग यंत्र घेण्याऐवजी हिशेबासाठी जुना बिझनेस लॅपटॉप किंवा साधा संगणक आणि डिझाइनसाठी चांगल्या पडद्याचे दुसरे यंत्र, असा विचार करावा. आम्ही शेवटी तेच केले. बोर्ड बदललेला जुना प्रीमियम लॅपटॉप आता भाच्याकडे आहे. त्यावर तो प्रिंटचे कॅटलॉग करतो आणि ते काम तो उत्तम करतो. यंत्र वाईट नव्हते, आम्हीच त्याला चुकीच्या गादीवर बसविले होते.

दुकानात जाण्यापूर्वी वहीत हे प्रश्न लिहून न्यावे :

१. पूर्ण मॉडेल क्रमांक काय?
२. वॉरंटी किती वर्षांची, ऑन-साइट आहे का, आमच्या पिन कोडवर किती दिवसांत माणूस येतो?
३. अपघाती नुकसान, चहा-पाणी सांडणे, यांचे संरक्षण मिळते का?
४. मेमरी आणि डिस्क बदलता येतात का?
५. आमचा टोकन, प्रिंटर आणि टॅली यावर चालतात का? प्रत्यक्ष लावून दाखवा.
६. पडद्याचे एसआरजीबी किती टक्के, तेज किती?
७. बिल पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह मिळेल का?
८. विंडोजचे खाते कोणाच्या ईमेलवर उघडणार? ते मालकाच्याच, चालू असलेल्या ईमेलवर उघडावे.

आणि नववी गोष्ट दुकानदाराला विचारावयाची नसून स्वतःला सांगावयाची आहे. रोज पेढी वाढविताना बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यावा, आठवड्यातून एकदा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन तो घरी न्यावा. आमच्या पेढीवर हे काम आता मुनीमजींकडे आहे, आणि गल्ला मोजून झाला तरी पेनड्राइव्ह हातात पडल्याशिवाय आम्ही शटर खाली ओढीत नाही.